आनंदाच्या अंगावरची माती

हे मी आजवर बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. कोर्टाचा विषय निघाला की मी उठून जातो, हे तिला माहीत आहे. का जातो, ते तिनं विचारलं नाही आणि मीही — बरंच झालं म्हणून गप्प राहिलो. तुम्हाला सांगतो.

नव्वदच्या दशकात मी आणि आनंदा शिरोलीकडच्या एका फौंड्रीत होतो. साच्याच्या काळ्या वाळूनं भरलेली लोखंडी पेटी दोघांनी दोन बाजूंनी उचलायची, हे आमचं काम. आनंदा मुरगूडचा, पक्का तालमीतला गडी. मी तालमीत जायचो ते थंडाई मिळते म्हणून.

एक दिवस उचलताना पेटी निसटली आणि त्याचा उजवा खांदा उतरला. शहाण्या माणसानं विम्याच्या दवाखान्यात नेलं असतं. पण आम्ही कोल्हापूरचे! रिक्षात घालून त्याला थेट तालमीत नेलं. वस्तादांनी बगलेत टाच रोवली, हात ओढला, खांदा बसवला. "फौंड्रीतनं तसाच आणलास व्हय रं? माझी लाल माती काळी केलीसा की!" म्हणाले. आम्ही हसलो. दुखापतीची नोंद कुठंच झाली नाही.

पुढं तो खांदा उतरतच राहिला. फावडं मारताना, पेटी धरताना, एकदा तर सदरा घालताना. दर वेळी वस्ताद कुठून आणायचे? बघून बघून मीच बसवायला शिकलो. शेवटी त्याचं काम सुटलं. भरपाईचा अर्ज केला, तर उत्तर आलं — ही कुस्तीतली दुखापत, कामावरची नव्हे. आनंदा अपिलात गेला. जिंकला तर जन्मभर दरमहा काहीतरी मिळणार, हरला तर एका हातानं मजुरी. वस्ताद तोवर वारले होते. पहिल्या दिवसाचा साक्षीदार उरलो मी.

आणि आता — अजून आढेवेढे किती घेऊ? त्या दिवशी पेटी आपोआप निसटली नव्हती. दुसरी बाजू माझ्या हातात होती. चहा आला म्हणून कुणीतरी ओरडलं, मी मान वळवली आणि हात सुटला. सगळं वजन त्याच्या खांद्यावर गेलं. आनंदाला हे माहीत होतं. तरी अर्जात त्यानं माझं नाव घातलं नाही. "तुझं नोकरीत कायम व्हायचं हाय अजून," एवढंच म्हणाला. मग मला भीती कसली होती? हीच, की पेटीचं नाव निघालं की दुसरं टोक कुणी धरलं होतं, हे समोरचा वकील विचारणारच.

कोर्टात आनंदाच्याच वकिलानं मला सोपं जावं म्हणून विचारलं — वस्तादांकडे नेलं तेव्हा याच्या अंगावर काय होतं? फौंड्रीची वाळू, की तालमीची माती? आनंदा निवांत बसला होता. त्याला माझी खात्री होती.

मी म्हणालो, "लाल माती."

खोटं. धडधडीत खोटं. स्वतःची कातडी वाचवायला बोललो, दुसरं काही कारण नव्हतं. अपील तिथंच संपलं; निकाल नंतर आला इतकंच.

बाहेर पडताना जिन्यावर त्याचा पाय घसरला. त्यानं कठडा धरला आणि खांदा पुन्हा उतरला. माणसं जमली, पण काय करायचं ते कुणालाच कळेना. त्यानं मान वर करून मलाच शोधलं. "ये. वढ."

मी चप्पल काढली, त्याच्या बगलेत टाच रोवली, हात ओढला. एरवी ओढताना तो मला आईबहिणीवरून शिव्या घालायचा. त्या दिवशी नुसता डोळे घट्ट मिटून पडला होता. खांदा बसला, तरी त्यानं डोळे उघडले नाहीत.

"जा आता," म्हणाला.

मी गेलो. त्याच वर्षी कायमही झालो.