गॅरंटी वाढवून देणारे दोघे

ती घटना आठवली की आजही राग येतो, आणि तो फक्त चोरांचा नाही.

नव्वदच्या दशकाची अखेर. मी डोंबिवलीत फौजदार होतो. घरी संगणकावर प्रश्नपत्रिका टाइप करून देणाऱ्या एक बाई तक्रार घेऊन आल्या. पाटल्या मोडून घेतलेल्या संगणकाची गॅरंटी नुकतीच संपली होती. टाय लावलेले दोघे ‘कंपनीतून’ आले. तपासणीत मशीन पास झाले तर गॅरंटी वर्षभर वाढेल, म्हणाले. बाई चहा ठेवायला आत गेल्या. दोघांनी कार्डावर शिक्का मारला, चहा घेतला आणि गेले. त्यानंतर संगणक सुरूच होईना. दुकानदाराने उघडून पाहिले, तर मेमरीच्या दोन्ही पट्ट्या गायब. कंपनीने कळवले की संपलेली गॅरंटी आम्ही वाढवतच नाही.

आमच्या ठाणे अंमलदाराने त्यांना दोनदा परत पाठवले होते. एवढ्याशा पट्ट्यांचा कसला गुन्हा, कंपनीचे भांडण आहे, ग्राहक मंचात जा, म्हणून. तिसऱ्या दिवशी त्या थेट माझ्यासमोर आल्या.

“साहेब, महिनाअखेर शाळेचे पेपर द्यायचेत. नाही दिले तर हे काम कायमचं जाईल.”

मी गुन्हा नोंदवून घेतला.

टायवाल्या दोघांची खबर दिली आंबिवली स्टेशनबाहेर मासळी विकणाऱ्या कोळणीने. “सायब, लोकं हापिसाला जाताना टाय लावतात. ह्ये दोघं गाडीतून उतरले का टाय सोडून खिशात कोंबतात, न मोहन्याच्या रस्त्याला लागतात.”

मोहने गावातल्या त्यांच्या खोलीत खोटा शिक्का मिळाला, आणि बिस्किटांच्या डब्यात चाळीसेक पट्ट्या. दोघांना शिकवून पाठवणारा तिथेच बसला होता. बाईंच्याच दुकानदाराने कामावरून काढलेला मेकॅनिक. गॅरंटी कार्डांच्या स्थळप्रतींवरून त्याने गिऱ्हाइकांचे पत्ते उतरवून घेतले होते. ओळखतील म्हणून स्वतः कुणाच्या दारात जात नसे.

चौकशीत तो निवांत होता. “सगळ्या सारख्याच दिसतात, साहेब. बाईंचं नाव लिहिलंय का त्यावर?”

संताप याचा, की त्याचे म्हणणे खरे होते. ओळख पटली नाही तर न्यायालयात काहीच टिकणार नव्हते.

बाईंना बोलावले. संगणकाच्या खोलीत शिरावे तशा त्या चपला दाराबाहेर काढून आल्या. एकेक पट्टी उलटून पाहू लागल्या. दोन बाजूला ठेवल्या. दोन्हींच्या कोपऱ्यावर कुंकू होते.

“दसऱ्याला पूजेसाठी पेटी उघडून घेतली होती,” त्या म्हणाल्या, आणि मेकॅनिककडे बोट केले. “तेव्हा हाच ओरडला होता मला. आत बोट घालू नका म्हणून.”

त्याची मान खाली गेली.

पंचनामा झाला, पट्ट्यांना सील लागले. आमच्या कारकुनाने बाईंना हसत सांगितले, “आता निकाल लागला की मिळतील.” म्हणजे चोराकडून सुटलेला माल आमच्या कपाटात अडकणार. मी स्वतः कल्याणच्या न्यायालयात उभा राहिलो आणि त्या पट्ट्या बंधपत्रावर बाईंना परत मिळवून दिल्या. पेपर वेळेत गेले.

चोरांना बाईंना फसवायला एक चहा पुरला. आम्ही मात्र त्यांना तीन दिवस खेटे घालायला लावले. पुढे माझ्या हाताखालच्या प्रत्येक अंमलदाराला मी बजावले, की वस्तू लहान की मोठी हे आपण ठरवायचे नाही.

आमच्या घरात मी पहिला पदवीधर. पदवीच्या कागदाला आईने हळदकुंकू लावले, तेव्हा मीही तिच्यावर ओरडलो होतो. तो डाग अजून आहे. आता तो झाकला जाऊ नये, अशी चौकट करून घेतली आहे.