फळ्यावरचा ढुढ्ढाचार्य

आमच्या इमारतीच्या फळ्यावर पाण्याच्या वेळा लिहायचं काम माझ्याकडे आहे. त्यांच्याखाली मी रोज एक विसरत चाललेला शब्द अर्थासकट लिहिते. काल लिहिलं, 'ढुढ्ढाचार्य: स्वतःला फारसं काही येत नसताना सगळ्यांना शिकवत सुटणारा.' सेक्रेटरींनी माझ्यादेखत ओल्या फडक्याने पुसून टाकलं. "काकू, फळा पाण्याच्या वेळांसाठी आहे. असले शब्द आता कोण बोलतं?"

ते गेले, मी तिथेच उभी राहिले. फळा वाळत गेला, तशी पुसलेली अक्षरं पांढुरकी होऊन हळूहळू वर आली. शब्द म्हणजे काय रद्दी आहे, जागा अडते म्हणून काढून टाकायला? ज्यांच्यासाठी हा शब्द घडला, ती माणसं तर अजून रोज जिन्यात भेटतात. त्यांना दुसरं काय म्हणू?

आज सकाळी टाकीपाशी आरडाओरडा ऐकू आला. सेक्रेटरी प्लंबरवर खेकसत होते, "मला शिकवतोस? मोठा ढुढ्ढाचार्य लागून गेलास!"

मी खडू घेऊन खाली उतरले. आजपासून रोज दोन शब्द लिहिणार आहे. पुसा, खुशाल पुसा.