हिच्या मशीनच्या चार ओळी

आमची ही ऑफिसला निघाली की शेजारच्या काकू दारात उभ्या राहून सुस्कारा सोडतात. हिला दिसत नाही, पण सुस्कारा बरोब्बर ऐकू येतो. "काकू, दम लागला का? बसा जरा," असं म्हणून ही काठी टेकत जिना उतरते. लग्नाला इतकी वर्षं झाली, काकूंचा सुस्कारा थांबला नाही आणि हिचं उत्तरही. लोकांना आंधळी बाई कशी गरीब स्वभावाची लागते. आमच्याकडे तो माल नाही. हिचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर असतो, आणि मला तो आवडतो, कारण बहुतेक वेळा तो माझ्यावर नसतो.

मी खुर्च्या-सोफ्यांना कापड चढवतो, आतला फोम बदलतो. ही प्रोग्रॅम लिहिते. हिच्या कीबोर्डपुढे एक लांबट पट्टी असते. कॉम्प्युटरवर जी ओळ असेल ती त्या पट्टीवर ब्रेलच्या बारीक ठिपक्यांनी वर येते आणि ही बोटांनी वाचते. ओळ बदलली की ठिपके खर्रकन खाली जातात, नवे वर येतात. पट्टीच्या पोटात एक छोटा, जुन्या जातीचा कॉम्प्युटर आहे. ती बनवणारी कंपनी कधीच बंद पडली, पण पट्टी दणकट आहे. ज्यांच्याकडे आहे ते ती सोडत नाहीत, कारण नव्या पट्ट्यांवर ओळ अर्धीच मावते.

हिचं काम एका लायब्ररीवर चालतं. पुस्तकांची नव्हे. प्रोग्रॅमवाले एखादा भाग एकदाच नीट लिहून ठेवतात आणि मग सगळे तो आपापल्या प्रोग्रॅममध्ये घालतात, त्याला ते लायब्ररी म्हणतात. हिची लायब्ररी वाट बघण्याचं काम करते. त्याचं नाव इव्हेंट लूप. मला ते समजायला माझं दुकान कामी आलं. एका खुर्चीचा गोंद वाळतोय, दुसरीचं कापड भिजतंय, तिसरीकडे गिऱ्हाईक कधी येईल सांगता येत नाही. मी काही एकेकापुढे ताटकळत उभा राहत नाही. मध्ये स्टुलावर बसतो, जे तयार होईल तिकडे जातो, काम करतो, परत स्टुलावर. झाला लूप.

गोम अशी की प्रत्येक जातीच्या मशीनची हाक मारायची तऱ्हा वेगळी. एखादं स्वतःहून कळवतं की अमुक तयार झालं. हिच्या पट्टीतलं इतकं जुनं की ते हाकच मारत नाही, आपणच जाऊन "झालं का, झालं का" विचारत राहायचं. म्हणून लायब्ररी एकदा लिहून भागत नाही, ती मशीनच्या जातीप्रमाणे बिल्ड करावी, म्हणजे त्या मशीनला चालेल अशी बांधून घ्यावी लागते. बिल्डच्या फाइलमध्ये सगळं लिहिलेलं असतं: या मशीनला हे चालू, ते बंद, हा भाग घ्या, तो सोडा. ती फाइल कित्येक वर्षं हिच्या ताब्यात आहे. त्यात हिच्या पट्टीच्या मशीनच्या चार ओळी आहेत.

मग नवे साहेब आले. तरुण, गोड बोलणारे. आल्या आल्या त्यांनी साफसफाई काढली. लायब्ररीची तयार पॅकेजं इंटरनेटवर ठेवलेली असतात, कोणत्या मशीनसाठी किती जण ती उतरवून घेतात ते त्यांनी मोजलं. हिच्या मशीनपुढे शून्य. फाइल हिच्याकडे, म्हणून त्यांनी हिलाच सांगितलं, की त्या चार ओळी काढून टाका आणि जागी एकच ओळ घाला. या मशीनसाठी कुणी बिल्ड करायला गेलं तर थांबायचं आणि कळवायचं, 'हे मशीन आता चालत नाही.'

शून्य येणारच होतं. त्या मशीनचं तयार पॅकेज आजवर कुणी ठेवलंच नव्हतं. ज्यांना हवं ते मूळ कोड घेऊन घरच्या घरी बिल्ड करायचे, आणि घरी केलेलं कुणाच्या मोजणीत येत नाही. दुकानात माल ठेवायचा नाही आणि वर म्हणायचं, गिऱ्हाईक नाही.

त्या दिवशी ही घरी आली ती कुणावरही न चिडता. ही चिडली नाही की मला धडकी भरते. जेवताना तिने एकेक सांगितलं. ऑफिसातली मशीनं सारखी नवी होत जातात, त्यांच्याशी जुळवून घ्यायचं तर पट्टीतही नवीच लायब्ररी घालावी लागते. चार ओळी गेल्या की आज ना उद्या पट्टी बंद.

"आणि पट्टी गेली की मी कशी वाचू? मला भीती वाटतेय हो," ती म्हणाली.

हिच्या तोंडून भीती हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला आणि माझं डोकंच फिरलं. म्हटलं, मी येऊन बोलतो साहेबांशी. त्यावर हिने मला झापलं, की तुम्ही बोललात तर ते माझी कीव करतील, त्यापेक्षा तोंड बंद ठेवा. मी ठेवलं.

ते खरं बंद ठेवायची पाळी पुढे आली. त्याच ऑफिसच्या मीटिंगच्या खोलीतल्या खुर्च्यांचं काम माझ्याकडे होतं. साहेबांना घाई, त्यामुळे मीटिंग भरली तेव्हा मी कोपऱ्यात खुर्ची उलटी टाकून बसलेलो, तोंडात खिळे धरून. विषय निघाला. साहेब म्हणाले, मॅडम, तुमची अडचण मला कळते, आपण तुम्हाला बोलणारं मशीन घेऊ, सगळ्यात भारीतलं. हिने सांगितलं की बोलणारं मशीन तिच्याकडे आहे, बातम्या ऐकायला झकास आहे. पण बिल्डच्या फाइलमध्ये एक कंस राहिला, एक जागा जास्त सुटली तरी सगळं आडवं होतं, आणि तसलं काही कानाला लागत नाही, बोटाला लागतं.

"मला ऐकायचं नाहीये साहेब, मला वाचायचंय," ती म्हणाली. "तुम्ही तुमचा कोड दुसऱ्याकडून वाचून घेता का?"

साहेबांनी मग दुसरं काढलं, की जुनी लायब्ररी तुमच्यापुरती बाजूला ठेवू. हिने तेही उडवून लावलं. सगळे पुढे जाणार आणि मला जुन्यावर बसवून ठेवणार, शिवाय माझ्यासारख्या बाकीच्यांनी काय करायचं, असं तिने विचारलं. साहेबांनी भिंतीवरच्या मोजणीच्या तक्त्याकडे बोट केलं. मग लक्षात आलं असावं की हिला तो दिसत नाही, म्हणून तोंडाने म्हणाले, बाकीचे शून्य आहेत.

"मग ओळी तुम्ही काढा, तुमच्या नावाने," ती म्हणाली. "मी तुमचा हात धरणार नाही. पण माझ्या बोटांनी मी माझी बोटं कापणार नाही."

माझ्या तोंडात खिळे नसते तर मी काय बोललो असतो कोण जाणे. पुढचा खिळा मात्र मी गरजेपेक्षा जोरात ठोकला.

साहेबांनी ओळी खरंच काढल्या, स्वतःच्या हाताने. दुसऱ्या दिवशी हिने पट्टीसाठी नवा बिल्ड करायला घेतला तर तो अडला, आणि बोटांखाली ठिपके वर आले: हे मशीन आता चालत नाही. "किती स्वच्छ उमटलंय," ही घरी येऊन म्हणाली, "चालत नाही म्हणे."

तिथून हिची भीती गेली आणि राग जागेवर आला. ती लायब्ररी कुणाच्या मालकीची नाही, हिचं ऑफिस ती फक्त सांभाळतं. कोड उघडा असतो, कुणीही घ्यावा, बदलावा, वाटावा. सुट्टीच्या दिवशी हिने घरी बसून चार ओळी परत घातल्या, बिल्ड केला, आणि आजवर कुणी केलं नव्हतं ते केलं. त्या मशीनचं तयार पॅकेज बांधून, बाकीची सगळी जिथे असतात तिथेच शेजारी नेऊन ठेवलं. खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं. मी म्हटलं, अगं, नोकरी जाईल.

"जाऊ दे. वाचता येणार नसेल तर नोकरीचं काय लोणचं घालू?"

पॅकेज उचललं जाऊ लागलं. अंध मुलांच्या शाळेतल्या बाईंनी घेतलं, घरबसल्या भाषांतर करणाऱ्या एकाने घेतलं. एका गोदामातल्या वजनकाट्याच्या पोटातही हेच मशीन निघालं, त्या लोकांनी घेतलं. हिला ओळखत नसलेली माणसं हिला लिहून कळवत होती की बरं झालं, दरवेळी स्वतः बिल्ड करताना नाकी नऊ यायचे.

साहेबांची मोजणी आपोआप चालायची. पुढच्या मीटिंगला भिंतीवर तक्ता लागला, साहेब वरून खाली वाचत आले आणि हिच्या मशीनपाशी अडखळले. शून्य गेलं होतं. ही हकिकत मी हिच्याकडून पुष्कळदा ऐकली आहे आणि दरवेळी तिच्यात मीठमसाला वाढतो, पण मुद्दा एवढाच, की साहेबांनी विचारलं हे कुणाला विचारून केलं, आणि ही म्हणाली, मोजायची पद्धत तुमची, मी फक्त माल ठेवला.

साहेब माणूस वाईट नाही, हे मला कबूल करावं लागतं. दोन दिवस त्यांनी फुगून काढले आणि मग हिच्या टेबलाशी येऊन म्हणाले, ओळी परत घालतो, पण पुढे काही मोडलं तर ते तुमचं तुम्ही निस्तरायचं. दुसरं कुणी असतं तर आभार मानून मोकळं झालं असतं. हिने नाही म्हटलं. बाकीच्या मशीनांचं जो मोडतो तोच निस्तरतो, माझ्याही मशीनचं तसंच होईल, असं तिने ठणकावलं. घरी हिची एक जादा पट्टी पडून होती, तीच पट्टी ऑफिसात लावायची. कुणीही नवा बदल केला की तो आधी तिच्यावर बिल्ड होणार, चालला तर पुढे जाणार, नाही चालला तर काय बिघडलं ते त्याच पट्टीवर उमटणार. पट्टी ठेवायची कुठे, असा प्रश्न निघाला. ही म्हणाली, साहेबांच्या टेबलावर, तिथे जागा खूप आहे.

सगळ्यात शेवटी साहेबांची स्वतःची खुर्ची माझ्याकडे आली होती. ती पोचवायला मी गेलो तेव्हा ते उभ्यानेच काम करत होते. त्यांचाच कुठला तरी बदल होता. पट्टी खर्रकन वाजली, ठिपके वर आले, आणि बदल तिथेच अडला. साहेबांनी पट्टीकडे बघितलं, वाकून बघितलं, मग हिला हाक मारली. ही शांतपणे आली.

"मॅडम, हे बोलून नाही का दाखवत?"

"नाही," ही म्हणाली. "वाचावं लागतं."

तिने त्यांचं बोट धरून पहिल्या ठिपक्यावर ठेवलं. साहेब डोळे मिटून उभे राहिले, आणि मी खुर्ची धरून.