सॅकवालीची सुट्टी

आमचं शहर लहान आहे आणि लागून सुट्ट्या आल्या की ते आणखीच आक्रसतं. संग्रहालयाला कुलूप, वाचनालयाला कुलूप, तलावावरच्या होड्या पालथ्या घालून ठेवलेल्या. जो तो आपापल्या नातेवाइकांकडे निघून जातो. अशा दिवसांत माझ्या लॉजवर गिऱ्हाईक येत नाही, आणि आलं तर मला संशय येतो. ही बाई आली तेव्हाही आला. वय पन्नाशीकडे झुकलेलं, केस घट्ट बांधलेले, आणि पाठीवर कॉलेजच्या पोरींची असते तसली भलीमोठी सॅक. मी मनातल्या मनात तिचं नाव सॅकवाली ठेवलं. माझ्या मनात काही राहत नाही, त्यामुळे लवकरच ते तिच्यासमोर तोंडातून निघालं. ती रागावली नाही, हसलीही नाही. "भाचीची आहे," एवढंच म्हणाली.

सकाळी चहा झाला की ती सॅक पाठीला लावून बाहेर पडायची. बंद दुकानांच्या रस्त्याने चालायची, संग्रहालयाच्या पायऱ्यांवर बसायची, तिथून उठून स्टेशनच्या बाकावर बसायची. जेवायच्या वेळेला परत. "काय पाहिलंत?" असं विचारलं तर म्हणायची, "झाडं होती." मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो ताई, ते ओझं तरी खोलीत ठेवून जा. कुणी चोरत नाही इथे, चोरसुद्धा सुट्टीवर गेलेत." त्यावर ती म्हणाली, "पाठीला काही नसलं की काय करायचं ते सुचत नाही हो काकू."

मी चौकस आहे. लोक भोचक म्हणतात, म्हणू देत. खोदून खोदून विचारलं तेव्हा थोडंथोडं बाहेर आलं. ती पूर्वी शर्टांच्या कारखान्यात काजाच्या मशीनवर होती. तिने केलेली काजं कधी उसवली नाहीत, हे मात्र तिने आपणहून सांगितलं. मग आईची एक बाजू लुळी पडली. थोरला भाऊ दुसऱ्या शहरात, वहिनीला तिची पोरं. ही बिनलग्नाची, म्हणजे मोकळी, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. नोकरी सुटली. लग्नाचं वय कधी निघून गेलं ते तिला सांगता येईना. ती तेव्हा आईची कूस बदलत होती. थंडी सरता सरता आई गेली आणि हिला रडू आलं नाही. लोक म्हणाले, धक्का बसलाय, येईल. ती वाट बघत राहिली. हे सगळं ती दुसऱ्या कुणाची हकीकत सांगावी तसं सांगत होती, आणि सांगताना माझ्या टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत होती.

भाचीने हट्टाने तिला इकडे पाठवलं होतं. पोरीचं मन चांगलं असेल, पण तिच्या बापाचं गणित वेगळं होतं. ही इथे पोचते न पोचते तोच दादाचा, म्हणजे त्या थोरल्या भावाचा, फोन आला. त्याची सासू न्हाणीघरात पडली, खुबा मोडला, सुट्ट्या संपल्या की दवाखान्यातून घरी आणणार. तेव्हा हिने जुनं बिऱ्हाड मोडावं आणि थेट त्याच्याकडेच राहायला यावं. सासूच्या शेजारची खोली रिकामी करून ठेवली होती. घरमालकाला कळवायचं आहे, लवकर सांग, असं बजावून त्याने फोन ठेवला. बकऱ्याला आधी चारा घालून झाला होता तर. मला संताप आला. तिला काहीच आलं नाही. "जावं लागेल," ती म्हणाली, "नाहीतर मी दुसरं काय करणार?"

खरं सांगायचं तर मीही तेच समजून चालले होते. ही जाणार, त्या खोलीत शिरणार, आणि तिथेच म्हातारी होणार.

हे कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी जेवायला तिच्याखेरीज एकच माणूस होता, मोजणीवाले काका. जमिनीच्या मोजणीखात्यातून निवृत्त होऊन ते माझ्याकडे कायमचे राहायला आलेत. बोलणं जेमतेम, खाणं त्याहून कमी. मी बटाट्याचं सूप आणि पाव ठेवला. एरवी ती कोपऱ्यात बसायची, पण तिथे ऊन आलं होतं म्हणून काकांच्या शेजारी बसली. तिच्या डाव्या हाताला ते, पेपरात तोंड घातलेले.

मी सुपाचं पातेलं घेऊन दारात उभी होते. तिने पाव कुस्करून सुपात घातला, चमच्याने अगदी मऊ केला, फुंकर घातली. एक थेंब मनगटावर टाकून पाहिला. चमच्याचं बूड वाटीच्या काठाला पुसलं. आणि चमचा उचलून सरळ डावीकडे नेला, काकांच्या तोंडाशी. त्या वेळी तिचं स्वतःचं तोंड उघडं होतं, भरवणाऱ्यांचं होतं तसं.

काकांनी पेपर खाली केला. चमच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

तिने घास दिला. ओठाच्या कडेला सांडलेलं बोटाने टिपलं. दुसरा चमचा भरला, फुंकला, नेला. त्यांनी तोही घेतला. मी हाक मारायला हवी होती, पण पातेलं धरून मी नुसती बघत राहिले. तिसऱ्या चमच्याला तिची नजर त्यांच्या चष्म्यावर गेली आणि हात हवेतच थांबला.

"माफ करा," ती म्हणाली.

"मीठ जरा कमी आहे," काका म्हणाले, आणि पेपर पुन्हा वर केला. त्यानंतर त्यांनी पान उलटलं नाही.

ती उठून मागच्या अंगणातल्या पायरीवर जाऊन बसली. सॅक पाठीला नव्हती. मला समजूत घालता येत नाही, म्हणून मी नुसतीच शेजारी बसले.

"काकू, सगळे म्हणायचे, हिचा आईवर किती जीव. मलाही तसंच वाटायचं. आज पाहिलंत ना? हाताला कुणाचंही तोंड चालतं."

"अहो, गफलत झाली."

"त्यांच्या चष्म्यापर्यंत नजर जाईतो मला कळलंच नाही तिथे कोण आहे. आईचा चेहराही मी शेवटी शेवटी बघत नव्हते. तोंड बघायचे, पाठ बघायचे, चादर बघायचे. तिला एकदाही नीट बघितलं नाही मी." तिचा आवाज काडीइतकाही हलला नाही. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो, म्हणून मी म्हटलं, "फुंकून तरी दिलंत. माझ्या नवऱ्याला मी नेहमी चटके बसू दिले." ती माझ्याकडे बघत राहिली.

तेवढ्यात दादाचा फोन आला. तिच्या फोनमधून मोठ्यानेच ऐकू यायचं, मी काही कान लावला नव्हता.

"मग काय ठरलं गं? मालकांना सांगू ना?"

"नको, दादा."

"नको म्हणजे? अगं, तुझ्याइतकं कुणाला जमणार? बाई ठेवली तर ती परकी. तिला काय माया असणार?"

"बाईच ठेव. ती निदान बघेल तरी कुणाचं करतेय ते."

"काय बोलतेस तू? बरी आहेस ना?"

"दादा, माझी आई अजून गेली नाहीये. तिच्या जागी लगेच दुसरं कुणी आणलंस, तर ती माझ्यासाठी कधीच जाणार नाही. मला तिच्यासाठी रडायचंय. ते झाल्याशिवाय मी दुसऱ्या कुणाचं अंथरूण घालणार नाही."

पलीकडून वहिनीचा आवाज आला, काय म्हणतेय ती, आणि दादा म्हणाला, "काही नाही, नंतर बोलू." फोन बंद झाला.

मला वाटलं, आता तरी हिचा बांध फुटेल. तोंड पुसायला पदर पुढे करायच्या तयारीत मी बसले होते. काही फुटलं नाही. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती, डोळे कोरडे ठणठणीत.

"काकू," ती म्हणाली, "सुट्ट्या संपल्यावर माझी खोली कुणी घेतलीय का?"

घेतली होती. पैसेही आले होते.

"रिकामी आहे," मी म्हटलं.