हायवे टच स्थळ

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून 'हायवे' या शब्दाचा खरा अर्थ जाणणारा माणूस एकच आहे आणि तो माझ्या मावशीचा नवरा आहे, असं माझ्या मावशीच्या नवऱ्याचं ठाम मत आहे. काकांनी उभं आयुष्य लष्करात ट्रक चालवले. काश्मीरपासून आसामपर्यंतचे रस्ते त्यांच्या चाकांखालून गेले, आणि निवृत्तीनंतर घर बांधलं तेही कराडच्या अलीकडे, पुणे-बंगळूर रस्त्याच्या कडेलाच. कॉलेजात असताना मी त्यांच्याकडे राहत होतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि त्यातलं निम्मं श्रेय काकांच्या घरच्या भाकरीला आहे. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते कृतज्ञतेनेच, असं वाचकांनी समजावं.

पण त्यांच्याबरोबर बाहेर पडणं कठीण असे. हल्ली आपल्याकडे डांबर पडलेल्या कुठल्याही वाटेला हायवे म्हणतात, आणि काकांचं डोकं नेमकं तिथेच फिरतं. एकदा एका बोळातल्या 'हायवे सलून'मध्ये ते दाढीला बसले आणि गालाला साबण लागल्यावर विचारते झाले, "हायवे कुठाय रं?" न्हावी म्हणाला, "आवं काका, गच्चीवरनं दिसतोय की." काका तसेच उठले. "दिसतो म्हनून नाव लावायचं? मग चंद्र बी दिसतो. 'चंद्र सलून' ठेव!" आणि साबण लावलेल्या गालाने, मान ताठ ठेवून, ते बाजारपेठेतून घरी आले. पाहुण्यांची लग्नपत्रिका आली आणि पत्त्यात 'विटा हायवे' असलं, की ते तांबड्या पेनाने हायवे खोडून 'रस्ता' लिहीत आणि मगच अक्षता घेऊन निघत. शब्दकोशातला अर्थ मी एकदा त्यांना वाचून दाखवला. "कोश लिवनाऱ्यानं ट्रक चालवलाय का?" एवढंच विचारून त्यांनी तो मिटला.

त्यांची स्वतःची व्याख्या अशी : "जिथं म्हस आडवी येत न्हाई, जिथं वळखीचं मानूस भेटत न्हाई, आन् जिथं हात केला तर कुनी थांबत न्हाई, त्यो हायवे." पुराव्यादाखल ते आपलंच अंगण दाखवत. रस्त्यापलीकडे, बरोबर समोर, त्यांची थोरली बहीण राहते. रस्ता रुंद होण्याआधी काका रोज सकाळी चहाला आक्कांकडे जात. आता मध्ये दुभाजक आणि कठडे आहेत, भुयारी मार्ग लांब आहे आणि आक्कांचे गुडघे गेले आहेत. सकाळी काका अंगणात उभे राहून टॉवेल हलवतात, पलीकडून आक्का हात हलवतात. "हाक मारली तर ऐकू जात न्हाई," काका छाती फुगवून सांगत. "ह्याला म्हनत्यात हायवे!"

अशा माणसाला आम्ही माझ्या बहिणीच्या, नंदाच्या, लग्नात पुढे केलं. वडिलांना शाळा ठाऊक नाही. "पावनं म्हनतील तसं," हा त्यांचा जन्माचा शिरस्ता. स्थळ म्हसवडच्या अलीकडचं होतं. मुलगा आमच्या घरी येऊन मुलगी बघून गेला होता. तो नंदाला आवडला होता, हे तिने फक्त आईला सांगितलं होतं, म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं. फक्त मध्यस्थाने एक घोटाळा केला. "शेती हायवे टच हाय," असं तो काकांच्या देखत बोलला. काकांनी डोळे बारीक केले. "बघू की."

काकांच्या जुन्या जीपमधून आम्ही तिघं पुरुष घर बघायला निघालो. विटा, मायणी मागे पडलं. म्हसवड जवळ आलं तसा रस्ता अरुंद होत गेला आणि शेवटी संपूर्ण रस्ताभर हुलगा पसरलेला दिसला. त्या भागात हुलगा, म्हणजे कुळीथ, उपटून आणला की रस्त्यावर टाकतात. येणारी-जाणारी वाहनं तो फुकट मळून देतात. कडेला सूप घेऊन बसलेल्या एका बाईने 'या, या' असा हात केला आणि काकांनी ब्रेक दाबला. ती उठून जीपशी आली.

"थांबलासा कशाला? घाला की वरनं. आन् दादा, जरा दोनदा मागं-म्होरं घ्या, कडंचा ऱ्हायलाय."

ती मुलाची आई होती. आम्ही कोण हे कळल्यावर बिचारीने डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढला. घरात चहा झाला, पोहे झाले, माणसं अगदी साधी. काकांनी पोह्यांना हात लावला नाही. निघताना ते मुलाच्या वडिलांना म्हणाले, "ह्याला हायवे म्हनता? हे खळं हाय, खळं!"

आमच्या घरी पोचल्यावर त्यांनी निकाल दिला, "मोडा. रस्त्याबद्दल खोटं बोलत्यात, ती पोराबद्दल काय खरं बोलतील?" वडील खाली बघत बसले. आई दारात थिजली. काकांच्या शब्दाबाहेर आमच्या घरात कुणी गेलेलं नव्हतं, मीही नाही. रस्त्यावरची हकीकत आतून ऐकत असलेली नंदा चहा घेऊन आली. कप त्यांच्यापुढे ठेवून ती तिथेच बसली.

"काका, त्या बाईंनी हात केल्यावर तुमी थांबला न्हवं?"

"थांबावंच लागलं. वाट आडवली हुती."

"आन् तुमच्या दारात आक्का रोज हात करत्यात. कोन थांबतं?"

काकांनी कप थोडा बाजूला सरकवला.

"मला खळंच बरं हाय, काका. मला खऱ्या हायवेला नका देऊ."

चहावर साय धरली तरी काकांनी कप उचलला नाही. मग ते वडिलांना म्हणाले, "पोहे चांगले असतील. मी खाल्ले न्हाईत." त्या वाक्याने लग्न ठरलं.

तेव्हापासून दर सुगीला काका जीप घेऊन नंदाच्या सासरी जात आणि तिच्या सासूबाई सांगतील तसं, "हायवे म्हने, हायवे!" असं पुटपुटत हुलग्यावरून जीप मागे-पुढे घेत. यंदा मिरजेच्या डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांकडे बघून गाडी बंद करायला सांगितली. मला वाटलं, ते जाणार नाहीत. दिवाळीनंतर मी नंदाकडे गेलो, तर हुलगा पसरलेल्या रस्त्याकडेला खुर्ची टाकून काका बसलेले, आणि शेजारी खाटेवर आक्का. त्यांना काका एसटीने घेऊन आले होते. समोरून दुधाचा टेम्पो आला. काकांनी हात केला. टेम्पो थांबला. ड्रायव्हरने काच खाली केली, "काय आजोबा, बरं हाय का?" म्हणाला, आणि न सांगताच दोनदा मागे-पुढे घेऊन गेला.

काका बराच वेळ त्या टेम्पोकडे बघत राहिले. मग नेहमीच्याच तुच्छतेने आक्कांना म्हणाले, "बघितलंस? म्हनूनच सांगतो, ह्यो काय हायवे न्हवं."

"काय म्हनतोस?" आक्कांनी विचारलं.

त्यांनी खुर्ची खाटेजवळ ओढली आणि पुन्हा सांगितलं.