कापडाखालचा पिंजरा
कंदिलाची काच काजळली की त्या वासानं मला खंडाळ्याच्या एका बंगल्यातली प्रयोगशाळा आठवते. उंदीर किती धावतो, किती जागतो याचा तिथले डॉक्टर अभ्यास करत आणि मी त्यांचा मदतनीस होतो. पिंजरा स्प्रिंगांवर टांगलेला असे. तो हलला की त्याला जोडलेली सुई, किल्लीवर फिरणाऱ्या नळकांड्यावरच्या काजळी धरलेल्या कागदावर रेघ ओढी. वर्षभर मी त्या रेघा मोजल्या. उजेडानं उंदीर बुजू नये म्हणून पिंजऱ्यावर मात्र काळं कापड असे. त्या दुपारी कागद बघून डॉक्टर खुशीत म्हणाले, "आज गडी भलताच धावलाय!" उंदरांना खाणं घालणाऱ्या मावशी दारातच थबकल्या. "कोन धावलं? त्यो तर सकाळीच मेला. म्या पुरलाबी त्याला." मी कापड उचललं. पिंजरा रिकामा होता. तेवढ्यात मालगाडी घाट चढू लागली, टेबल थरथरलं आणि आमच्या डोळ्यांदेखत सुई धावू लागली. डॉक्टर कपाटातल्या वर्षभराच्या कागदांकडे बघत राहिले. आता या वयातही कुणी फार खात्रीनं काही सांगू लागलं की माझ्या तोंडून निघून जातं, "कापड उचललं होतंत का?"