शेवटच्या बाकावरच्या बाई

साठ सालाच्या आसपास मी निपाणीहून बंगळूरला आलो आणि एका छोट्या मिशन कॉलेजात तत्त्वज्ञान शिकू लागलो. आवडीनं नव्हे, दुसरीकडं जागा मिळाली नाही म्हणून. एके दिवशी चाळिशीतल्या एक बाई वर्गात आल्या आणि माझ्या बाकापाशी थांबून म्हणाल्या, "स्वल्प सरका हो अण्णा."

त्यांची मुलगी आमच्याच वर्गातली, विषमज्वरानं अंथरुणाला खिळलेली. शिकवणाऱ्या फादरांना विचारून बाई तिच्या जागी बसू लागल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. कानावर पडेल ते देवनागरीत उतरवून घ्यायच्या. बोटं शाईनं माखायची. घरी मुलगी ते वाचून अर्थ लावायची आणि आईलाही सांगायची.

दीड महिन्यानं तास संपल्यावर त्या म्हणाल्या, "उद्यापासून लेक येईल." वही मिटली, पण जागच्या हलल्या नाहीत. "अण्णा, तुरुंगातल्या त्या ग्रीक म्हाताऱ्याला मित्र पळून चल म्हणत होते. तो गेला का हो? घरी पोचेपर्यंत दम निघत नाही."

मला इंग्रजी येत होतं, पण तासभर मी खिडकीबाहेर बघत बसलो होतो. ओशाळून तसं सांगितलं.

"सरी, असू दे, मग फादरांनाच विचारू या," म्हणत त्या निघाल्या. मीही मागोमाग गेलो. वर्षभरात फादरांच्या खोलीत मी पाऊल टाकलं नव्हतं. बाईंनी कन्नडमध्ये विचारलं. फादरांनी हातातलं काम बाजूला सारून आमच्यासाठी दोन खुर्च्या ओढल्या आणि कन्नडमध्येच सांगायला सुरुवात केली.

त्या कॉलेजात मी मन लावून ऐकलेला तो पहिला तास.